ट्विलाला एक विचारायचं असतं

ट्विला रॅटलिफ आमच्या दुकानात मांस कापायच्या कामावर लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने माझ्या पायांकडे बघत विचारलं, "मिस ओपल, तुमचे घोटे दुपारनंतरच का सुजतात हो? सकाळी तर बरे असतात."

मी शेजारच्या काउंटरवर तळलेलं चिकन आणि बटाट्याचं सॅलड विकायचे. घोटे अकरा वर्षं सुजत होते, पण 'का' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"उभं राहून सुजतात. दुसरं काय?"

"पण पाणी खाली उतरलं तर त्याला वर चढवायला आत काहीच नसतं?"

"अगं बाई, गिऱ्हाईक बघ," मी म्हटलं.

केंटकीच्या या डोंगरपट्ट्यात फार चौकशा करणाऱ्या बाईला चांगलं म्हणत नाहीत. ट्विलाला ते ठाऊक होतं, पण तिला राहवायचं नाही. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. खाण बंद झाल्यावर नवरा कामासाठी इंडियानाला गेला. आधी त्याचे फोन कमी झाले, मग तो तिकडचाच झाला. तेरा वर्षांची शेल्बी आणि सात वर्षांचा कोल्टन हिच्याजवळ राहिले. ती राहायची माझ्या घरापासून दोन घरं सोडून.

एकदा तिने डुकराचं काळीज उभं चिरलं, म्हणजे हृदय, आणि सुरी खाली ठेवली. आतल्या पातळ पडद्यांना बारीक पांढऱ्या दोऱ्या बांधल्यासारख्या होत्या. ते तसंच कागदावर घेऊन ती दुकानातल्याच औषधांच्या खिडकीशी गेली. तिथले म्हातारे औषधवाले, डेन्व्हर त्यांचं नाव, सँडविच खात होते. त्यांनी सँडविच बाजूला सरकवलं आणि चष्मा लावला.

"हे पडदे म्हणजे रक्ताची दारं. दार उलटं उघडू नये म्हणून या दोऱ्या."

"माणसाच्याही असतात?"

"तुझ्याही आहेत. आत्ता ओढल्या जातायत."

ट्विला हात छातीवर ठेवून नुसती उभी राहिली. डेन्व्हर म्हणाले, "पोरी, कॉलेजात नर्सिंगचा संध्याकाळचा वर्ग आहे. तिथे असलं सगळं विचारता येतं, आणि त्यांना सांगावंच लागतं."

मला वाटतं, ती गेली ती या शेवटच्या वाक्यामुळेच.

सकाळी सहा ते अडीच दुकान. सव्वातीनला मुलं शाळेच्या बसमधून उतरायची, त्यांच्यासोबत तास-सव्वा तास. मग आठवड्यातून चार दिवस पाच ते नऊ वर्ग. त्या वेळात मुलं माझ्या स्वयंपाकघरात असत. घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी खाऊन कोल्टन टेबलावर डोकं टेकायचा. शेल्बी मात्र दाराकडे तोंड करून बसायची.

वर्गात प्रुइट मॅडम शिकवायच्या. ट्विलाच्या प्रश्नांनी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी वैतागल्या. एक जण तर बोटांवर मोजून दाखवायची. शेवटी मॅडमनी नियमच केला: "ट्विला, एका संध्याकाळी तीन प्रश्न." मग त्या दिवशीचे कोणते तीन, हे ती गाडी चालवताना ठरवायची. उरलेले ती मांस गुंडाळायच्या कागदावर लिहायची, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी डेन्व्हरपुढे जायचा.

घरी तिला सरावाला माणसं हवी असत. कोल्टन एका बिस्किटाच्या बदल्यात रक्तदाब मोजू द्यायचा. शेल्बी हातच देत नसे.

"सगळ्या गावाच्या नाड्या बघ तू," ती एकदा म्हणाली. "गेल्या शुक्रवारी शाळेच्या बँडमध्ये मी एकटीने वाजवलं, ते कुठे ऐकलंस?"

ट्विलाने रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. "नाही ऐकलं," म्हणाली. "चुकलंच माझं. आत्ता वाजवशील?"

"आत्ता काय उपयोग?"

पण थोड्या वेळाने शेल्बीने क्लॅरिनेट काढली. वाजवून झाल्यावर ट्विलाने विचारलं, "एवढा लांब श्वास कुठून आणतेस तू? छातीतून की पोटातून?" शेल्बी म्हणाली, "झालं हिचं सुरू." पण सांगितलं तिने, आणि आईचा हात पोटावर धरून दाखवलंही.

दुसऱ्या सत्रात ट्विला नापास झाली. औषधाच्या मात्रांचा हिशोब होता. एका गणितात वजन पौंडात दिलेलं, तिने ते किलो धरलं. त्या एका गणिताने ती उत्तीर्णाच्या रेषेखाली गेली. नियमाप्रमाणे पुन्हा जानेवारीपर्यंत थांबायचं आणि सत्र पहिल्यापासून करायचं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि फासळ्या कापत राहिली. दुपारी मला म्हणाली, "मिस ओपल, दुकानात दिवसभर पौंडच तोलते मी. तिथेच कशी चुकले?" बहुतेक दमणूक असेल. पण तिला 'दमलीस तू' म्हटलेलं आवडायचं नाही.

आई आता संध्याकाळी घरी असणार म्हणून शेल्बी खूश झाली. ते दोन आठवडे टिकलं. मग एके दिवशी पोरगी माझ्याकडे आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"मिस ओपल, तुम्ही तिला परत पाठवा. काल जेवताना विचारत होती, जांभई एकाची दुसऱ्याला का लागते. परवा कोल्टनच्या गुडघ्यावरची खपली भिंगातून बघत बसली. आम्ही पुस्तक आहोत का?"

"मग तूच सांग की तिला."

तिनेच सांगितलं. एवढ्यावर न थांबता पौंडाचे किलो करायची गणितं तिने स्वतः लिहून काढली. आईला बसवून ती सोडवून घ्यायची, आणि चुकलं की प्रुइट मॅडमसारखी भुवई उचलायची. मी मॅडमना कधी पाहिलं नव्हतं, पण भुवई ओळखीची झाली.

जानेवारीत ट्विला परत गेली आणि ते सत्र पार पडलं. पुढच्या वसंतात शनिवारी वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम सुरू झालं.

तिथे मिस्टर एस्टिल नावाचे जुने खाणकामगार होते. चार महिन्यांपासून ते धड जेवत नव्हते. वजन उतरलं होतं, ताट ढकलून द्यायचे. 'म्हातारा हट्टी आहे' असं कागदावर जरा सभ्य शब्दांत लिहिलेलं होतं. ट्विलाचं काम घास भरवण्याचं. तिसऱ्या घासाला तिला दिसलं की ते चमचा घेतात, डावा डोळा बारीक करतात आणि मग तोंड मिटतात.

"मिस्टर एस्टिल, कुठे टोचतं?"

"काही टोचत नाही."

"मग डोळा का बारीक करता?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कवळी काढून हातावर ठेवली. हिरडीवर लाल जखम होती. ट्विलाची नजर शेजारच्या खाटेवर गेली. तिथले मिस्टर लायल बोलायला लागले की त्यांची कवळी खडखडायची. सगळे त्यावर हसायचे.

तिने मुख्य नर्सला विचारलं, "या दोघांच्या कवळ्या रात्री कुठे ठेवतात?"

"तू विद्यार्थिनी आहेस ना? घास भरव."

विद्यार्थिनींवर देखरेखीला प्रुइट मॅडम तिथे असत, ट्विला त्यांच्याकडे गेली. "मॅडम, आजचे तीनही प्रश्न मी एकदम विचारते. एकाची कवळी घट्ट का? दुसऱ्याची सैल का? आणि कवळ्या ठेवायच्या दोन्ही डब्यांवरची नावं पुसलेली का?"

मॅडम तिच्याबरोबर खोलीत आल्या. सोमवारी दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. कवळ्यांची अदलाबदल झालेली होती.

आपली कवळी बसल्यावर मिस्टर एस्टिलनी दोनदा तोंड उघडलं, मिटलं. "तरीच," म्हणाले. "चार महिने लायलच्या तोंडाने जेवतोय."

लायल म्हणाले, "मला वाटलं, वयाने माझंच तोंड मोठं झालं."

हिरडी भरून आल्यावर एस्टिलनी ग्रेव्हीत बुडवलेली तीन बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, खाल्ली आणि चौथं मागितलं. पुढच्या शनिवारी मुख्य नर्सने सगळ्या डब्यांवर नव्याने नावं घातली. ट्विलाशी त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. त्यानंतर प्रुइट मॅडमनी तीन प्रश्नांचा नियम काढून टाकला. वर्गातल्या पोरींनी त्यावर उसासे टाकले म्हणे.

ट्विला पास झाली, परवान्याची परीक्षाही तिने पहिल्या खेपेला पार केली. आता घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना बघते. माझ्याकडेही येते. घोट्यांसाठी तिने घट्ट मोजे घालायला लावले, आणि ते का घालायचे हे मला अर्धा तास ऐकावं लागलं. शेल्बी वेल्डिंग शिकतेय. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लोखंड काही विचारत नाही." कोल्टन रक्तदाबासाठी हात पुढे करायला अजून बिस्किटच मागतो.

गेल्या आठवड्यात ट्विलाने पर्समधून एक अर्ज काढून माझ्या टेबलावर ठेवला. नर्सिंगच्या वरच्या पदवीचा होता. आणखी दोन वर्षं.

मी म्हटलं, "अगं, आता आणखी कशाला? नोकरी चांगली चाललीय."

"मिस ओपल," ती म्हणाली, "मूत्रपिंडांवर अख्खा भाग होता पुस्तकात. आम्हाला तो गाळायला लावला होता."