सत्तरला चार कमी

शुक्रवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. भुईगावच्या वाडीत बर्था सोनचाफा तोडते आहे. ओट्यावर तिची सत्तावीस वर्षांची मुलगी मेलिसा दहा-दहा फुलं पिशवीत भरते. मध्येच कुणी हाक मारली, तर भरलेली पिशवी ओतून पहिल्यापासून सुरू करते.

बर्था एकसष्ट वर्षांची, विधवा. तिचं हृदय पंचवीस टक्के काम करतं. आपल्यामागे मेलिसा राहील अशी एक निवासी संस्था तिने शोधली आहे. जागा आहे, अट एकच: ऑटिझमचं सरकारी प्रमाणपत्र. आज साडेदहाला त्याची तपासणी.

२०१० साली मुंबईच्या डॉक्टरांनी मेलिसाच्या कागदावर ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ लिहिलं. तेव्हा दोन निदानं वेगळी धरत. मूल वेळेवर बोललं, बुद्धी ठीक, पण माणसांत वावरता येत नाही, तर ते अ‍ॅस्पर्जर. बोलण्यापासूनच अडलं, तर बहुधा ऑटिझम. बर्थाने याचा अर्थ लावला: ऑटिझम हा आजार, अ‍ॅस्पर्जर हा स्वभाव.

“पोरगी मंद आहे काय गं?” शेजारच्या ज्युलीने तेव्हा विचारलं होतं.

“मंद तुझा नवरा. हिला अ‍ॅस्पर्जर आहे. हुशार लोकांना होतो तो.”

गावात प्रमाणपत्रांचं शिबिर झालं, बर्था गेली नाही. असा कागद एकदा झाला की लग्नाच्या बोलण्यांत निघणारच. त्याऐवजी तिने शिकवणी सुरू केली. रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, शांती देण्याची वेळ येते, लोक शेजाऱ्याशी हात मिळवतात. त्या क्षणी मेलिसा कान झाकून बाकाखाली बसायची. मग रोज संध्याकाळी घरी सराव. हात पुढे कर. डोळ्यांत बघ, मनात तीन मोज. हस. विचार, घरी सगळे बरे? दोन वर्षांत जमलं. चर्चहून आल्यावर ती दोन तास खाटेखाली पडून राहायची, ते बाहेर कुणाला दिसत नव्हतं.

लग्न जमलं नाही. दरम्यान, २०१३मध्ये अमेरिकेतल्या निदान-पुस्तिकेतून अ‍ॅस्पर्जर हे नाव निघालं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतूनही. सगळं ऑटिझममध्येच आलं. बर्थाला हे संस्थेचा अर्ज भरताना कळलं.

सरकारी रुग्णालयात मानसतज्ज्ञ नेहल यांच्यापुढे चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी होती; अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. सत्तरच्या खाली गुण म्हणजे प्रमाणपत्र नाही. मेलिसा आत गेली, मागोमाग बर्था. मेलिसाने हात पुढे केला, तीन मोजले, हसली.

“घरी सगळे बरे?”

“बरे आहेत. तुमच्या घरी?”

“मम्मीचं हृदय पंचवीस टक्के आहे,” मेलिसा म्हणाली. हसू तसंच होतं.

“मॅडम, हे मी शिकवलंय,” बर्था घाईने म्हणाली. “पाठ आहे तिला.”

“मावशी, तुमचं म्हणणं धरलंय. पण समोर दिसतं ते सोडून कसं लिहू?”

तासाभराने गुण झाले सहासष्ट.

“मग हिला आहे तरी काय?”

“ऑटिझमच. पण प्रमाणपत्राएवढा नाही.”

“मग अ‍ॅस्पर्जर लिहा.”

“ते आता कुणी लिहीत नाही, मावशी.”

फेरतपासणी सहा महिन्यांनी होऊ शकते. बर्थाच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांची खात्री दिलेली नाही.

परतताना रिक्षात ती म्हणाली, “आता कुणाशी हात मिळवायचा नाय. कुणाकडे बघायचं नाय.”

“चर्चमध्येपण?”

“चर्चमध्येपण.”

“किती तारखेपर्यंत?”

मेलिसाने भुईगाव येईपर्यंत तोच प्रश्न नऊ वेळा विचारला.

उद्या शनिवार. संस्थेचं कार्यालय दहा ते एक उघडं असतं. प्रमाणपत्र नसलेले अर्ज त्या वेळेत परत दिले जातात.