छप्पर बंद झाल्यावर आठवलेला देव

मॉडेल बसचं छप्पर चिकटवून झालं होतं, कापूर ओवाळून झाला होता, आणि मुदलाळी माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर गुडघे टेकून पुढच्या काचेतून आत बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "राव सार, सामी कुठे आहे?"

सामी म्हणजे देव. मुदलाळी म्हणजे मालक. हे गृहस्थ तंजावूरच्या बाहेर बसच्या बॉडी बांधत. नव्वदच्या दशकात जो तो परदेशी भागीदार शोधत होता, तसा त्यांनाही एक सापडला होता. त्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवसांनी मद्रासला येणार होता. त्याला दाखवण्यासाठी मी एकास वीस स्केलची बस केली होती. खऱ्या बसमधले वीस सेंटिमीटर म्हणजे माझ्याकडे एक सेंटिमीटर.

कॉलेजच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडल्यानंतरचं हे माझं पहिलं मोठं काम. प्रिन्सिपल भले माणूस. म्हणाले होते, "महिनाअखेरपर्यंत तुमची जागा भरत नाही. जमलं नाही तर परत या." हे मॉडेल नापास झालं तर मला मान खाली घालून परत जावं लागणार होतं.

सगळा जीव मी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ओतला होता. मुदलाळी तिला कॉकपिट म्हणायचे, कारण परदेशी कॅटलॉगात तसं छापलं होतं. स्टिअरिंग तांब्याच्या तारेचं. सीटवर जुन्या छत्रीचं कापड, कारण रेक्झिन या स्केलला गोधडीसारखं जाड दिसतं. पेडल पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले. डॅशबोर्डखाली टेलिफोनच्या केबलमधल्या बारीक वायरी, खऱ्या बसमध्ये जातात तशाच. स्पीडोमीटरचे आकडे तीन केसांच्या ब्रशने काढले होते. गिअर लिव्हर सायकलच्या स्पोकचा, आणि त्याच्या मुठीवर कानशीने रेघासुद्धा पाडल्या होत्या.

आणि हे विचारत होते देव कुठे आहे!

"ड्रॉइंगमध्ये नव्हता," मी म्हणालो.

"ड्रॉइंगमध्ये कसा असेल? सामीला कोण ड्रॉइंगमध्ये दाखवतं?"

मी रोज टाऊन बसने हिंडणारा माणूस. डॅशबोर्डवर देव नाही, हार नाही, अशी बस मी जन्मात पाहिली नव्हती. तरी तीन आठवडे त्या डॅशबोर्डवर डोळे फोडताना मला ते एकदाही आठवलं नाही.

"छप्पर उघडून बसवतो," मी म्हणालो.

"छे, छे! पूजा झालेली गाडी पहिला प्रवास पुरा झाल्याशिवाय उघडायची नाही."

हा नियम त्यांनी तिथेच बनवला, अशी मला दाट शंका आहे. पण पूजेला आलेल्या भटजींनीही मान डोलावली.

त्याहून मोठी पंचाईत मी कुणाला सांगितली नव्हती. नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून पुढे नेतात. माझ्या चाकांपुढे लिंबू म्हणजे धोंडाच. म्हणून मुदलाळींनी हौसेने चार रायआवळे आणले होते आणि स्वतःच्या हातांनी बस त्यांवरून दामटली होती. तेव्हा आतून 'टक' असा आवाज आला. मी वाकून पाहिलं. गिअर लिव्हर जागेवर नव्हता.

मुदलाळी सकाळी जीप पाठवतो म्हणून निघून गेले. मी बायकोला देवाचं सांगितलं. पूर्वजांनी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आणलेली मराठी तिच्या तोंडी अजून शाबूत आहे. ती म्हणाली, "सामी नसतां बस कोठें पाहिलांत तुम्ही? मज विचारलां असतां तर सांगितलें असतें."

"आता टोमणे नकोत. चित्र शोध."

तिने कॅलेंडरच्या कोपऱ्यातला नखाएवढा पिल्लैयार, म्हणजे आपला गणपती, कापून दिला. पांढऱ्या दोऱ्याला गाठी मारून त्याला हारही केला. ड्रायव्हरच्या खिडकीतून जेमतेम दोन बोटं जात होती. लांब चिमट्याने चित्र आत न्यायचं, स्टिअरिंग चुकवायचं, आणि डिंक वाळेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. दोनदा देव उताणा पडला. तिसऱ्यांदा बसला. गिअर लिव्हर मात्र सीटखाली अडकला होता, तो काही केल्या निघेना. बस उचलली की आत खुळखुळायचा. मला रडू यायचं बाकी होतं.

मद्रासच्या हॉटेलात इंजिनिअर आला. त्याने खिशातून टॉर्च काढला आणि केबिनमध्ये मारला. मग म्हणाला, "गिअर लिव्हर कुठे आहे?"

मुदलाळींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो खाल्ला असावा. थाप मारायचं मनात आलं होतं, पण बस खुळखुळत होती.

"तुटून सीटखाली पडलाय," मी म्हणालो. "छप्पर उघडलं तर पाच मिनिटांत बसवतो."

"मग उघडा की," तो म्हणाला.

मी मुदलाळींकडे पाहिलं. आता कोणता नियम निघतो याची वाट पाहत होतो.

"उघडा, उघडा!" ते म्हणाले. "मद्रास आलं. पहिला प्रवास झाला."

मी दातओठ खात हॅकसॉचं ब्लेड छपराच्या कडेने फिरवलं. छप्पर निघालं आणि इंजिनिअर खुर्ची ओढून जवळ बसला. पेडल, वायरी, आकडे सगळं त्याने एकेक करून पाहिलं. लिव्हर तळहातावर घेऊन मुठीवरच्या रेघांवरून नख फिरवलं. छप्पर बंद असतं तर यातलं निम्मंही त्याला दिसलं नसतं. मी लिव्हर बसवला. तो मुदलाळींना म्हणाला, "पुढच्या तीन मॉडेलना छप्पर असंच निघणारं ठेवा. आणि ती यांच्याकडूनच करून घ्या."

मुदलाळींनी पिल्लैयारला हात जोडले. "पाहिलंत, राव सार? सामीने करून दाखवलं."

माझे तीन आठवडे, तीन केस आणि सायकलचा स्पोक यांचं नावही त्यांनी काढलं नाही. मी खाली जाऊन प्रिन्सिपलना कार्ड टाकलं: जागा भरून टाका.

तेव्हापासून मी छप्पर चार स्क्रूंवर बसवतो. आणि नवीन गिऱ्हाईक आलं की स्केल, रंग, तारीख विचारण्याआधी विचारतो, "देव कोणता?"