पत्र्यावर वाळवलेली वाळू

पाणी लोखंड कापतं, असं मी गावात सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. जळगावच्या एमआयडीसीत वॉटरजेट मशीनवर लागेपर्यंत मलाही ते खरं वाटलं नसतं. पंप पाण्याला इतकं दाबतो की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ते सुसाट सुटतं. पण नुसत्या पाण्यानं रबर नाहीतर फोम कापायचा. स्टीलसाठी त्यात गार्नेटची वाळू सोडावी लागते. कापते ती वाळूच, पाणी तिला फक्त जोरात फेकतं. आच नसल्यामुळे प्लेटची कड काळीनिळी पडत नाही.

हे सगळं ज्यांनी शिकवलं त्यांना मी भाऊ म्हणायचे. वयानं बरेच मोठे, माझ्यासारखेच धुळ्याकडचे. कोपऱ्यावर वेग कमी का करायचा, तेही त्यांनीच दाखवलं. धार वरून पुढे सरकते, पण प्लेटच्या खालच्या अंगाला ती मागे रेंगाळते. घाई केली की कोपरा बिघडलाच. राखी बांधायचे मी या माणसाला. राखी!

आमच्या शेडमध्ये एक पद्धत होती. टाकीच्या तळाशी बसलेली वापरलेली वाळू उपसायची, धुवायची, चाळायची आणि मिरच्या वाळत घालतात तशी पत्र्यावर उन्हात पसरायची. पण ती फक्त फरशी कापायच्या कामाला. एकदा आपटून तिचे दाणे फुटलेले असतात, जाड स्टीलपुढे ती टिकत नाही.

मग शेठनी नरडाण्याला नवं मशीन बसवलं. माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. जळगावची भाड्याची खोली सुटली असती, आईच्या हातची भाकर खाऊन कामाला गेले असते. जुन्या मशीनला भाऊ लागतातच, म्हणून शेठ मला म्हणाले, गिऱ्हाइकासमोर जाड प्लेट नीट कापून दाखव, मग नरडाण्याला तूच जायचं.

त्या दिवशी भाऊ माझ्याआधीच हजर होते. नवी वाळू भरून ठेवलीय, तू बिनघोर राहा, म्हणाले. मी डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. कशाला उघडू? भाऊंनी भरली होती ना!

धार प्लेटच्या आरपार जाईना. पाणी वर उसळलं, जिथे कापलं तिथली कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. गिऱ्हाईक उठून गेलं. शेठनी तिथल्या तिथे सांगितलं, नरडाण्याला भाऊ जातील. पोरगी आहे, शिकेल हळूहळू, असं म्हणत भाऊंनी माझी बाजूही घेतली.

सगळे पांगल्यावर मी वाळूच्या डब्यात हात घातला. नवी वाळू बोटांना टोचते. ही पिठासारखी चिकटली. अगं बाई, ही तर पत्र्यावरची! भाऊंच्या हातून असं चुकून होणं शक्यच नव्हतं.

माझं डोकंच सणकलं. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं. त्यांनी नाकारलं नाही. त्यांचंही घर तिकडेच, त्यांनाही जायचं होतं. मी म्हटलं, भाऊ, एका शब्दानं बोलला असता तर मी आनंदानं जागा सोडली असती.

“माले म्हाईत व्हतं,” खाली बघत ते म्हणाले. “पन जिले शिकाडं, तिनापुढे हात पसारू का मी?”

म्हणजे माझ्याकडे मागण्यापेक्षा मला बुडवणं त्यांना सोपं वाटलं. त्यांना चांगलं फैलावर घ्यायला गेले होते मी. तोंड उघडलं आणि सगळ्यांदेखत रडायलाच लागले.