सुनीताच्या नावाचं मापटं

“मावशी, आज मी सुनीता होतो. आई वारली माझी.”

देवीदास सर जेवायला बसता बसता असं म्हणाले आणि माझा भात वाढायचा हात हवेतच राहिला. त्यांच्या आईचा फोन तर रविवारीच माझ्याकडे येऊन गेला होता. मी म्हटलं, “आवं सर, काय अभद्र बोलताय? आई चांगली धडधाकट हाय की तुमची!”

“माझी नाही हो, सुनीताची,” सर म्हणाले. “वाढा, भूक लागली.”

रोज संध्याकाळचं हे असंच. कधी ते नाशिकचे निवृत्त सुभेदार असत, कधी नुकतं लग्न झालेली प्राची, कधी दोन लेकरांची आई. सुभेदार असले की पाठ ताठ करून जेवायचे, प्राची असली की वरण मागतानासुद्धा लाजायचे. मी पदर तोंडाला लावून हसायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याची लाज एकट्या सरांच्या वाट्याला टाकून मला मोकळं होता येत नाही.

मुळशी धरणाच्या काठावर माझं घर आहे. शाळा माझी चौथीपर्यंतची. पुढचं सगळं पाहुण्यांनी विसरलेल्या पुस्तकांवर. मालक गेल्यावर मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला लागले. दारात जांभळीचं झाड आहे म्हणून लोक त्याला जांभळीचं घर म्हणतात. तिसऱ्या, बारक्या खोलीत देवीदास सर भाड्याने राहायला आले. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आंबेजोगाईकडे एका शाळेत मराठी शिकवायचे. शाळेला अनुदान आलं नाही, पगार झाला नाही, तेव्हा कुठंसं संगणक शिकले आणि आमच्या शेजारच्या रिसॉर्टच्या ऑफिसात नोकरीला लागले. पण शर्टावरून आणि बोलण्यावरून मास्तर लपत नव्हता. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो.

त्यांचं काम काय, हे मला कळायला बराच काळ गेला. एकदा पावट्याच्या शेंगा सोलताना त्यांनी समजावलं. “मावशी, इंटरनेटवर कुणी ‘मुळशीत राहायची सोय’ असं शोधलं की नावांची यादी येते. वर कोण दिसणार? तर ज्याच्याकडं जास्त पानं बोट दाखवायलेत तो. म्हणून मी जागोजाग जाऊन आपल्याकडं बोट दाखवणारे धागे सोडायलोय. त्याला लिंक म्हणतात. लोक काहीबाही लिहितात, त्याच्या खाली चार शब्द गोड लिहायचे आणि शेवटी रिसॉर्टचं नाव.”

“आन् ज्यांच्या नावानं लिवता, ती मानसं कोन?”

“मीच की.”

“पर ती हितं येऊन ऱ्हायली, जेवली, असं काय?”

सर हसले. “आपलं काय जातंय, मावशी?”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कशालाही हेच. आणि असं म्हणताना शेंगेतला दाणा ते इतक्या हळुवारपणे काढायचे की माणसाचा राग यायचाच नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या वाटेवर पाटी वाचून कुणी येत नाही. ताम्हिणीच्या ढाब्यावरचा किंवा पौडचा चहावाला सांगतो, ‘त्या जांभळीच्या घरी जा, माझं नाव सांगा.’ म्हणून दारात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर माझा पहिला प्रश्न, “कुनी धाडलं?” जेवण बरं झालं नाही तर पाहुणा परत जाताना त्या चहावाल्याला बोलणार, हे मला ठाऊक असतं, आणि पाहुण्याने खोलीत घाण केली तर मी चहावाल्याला बोलणार, हे त्याला ठाऊक असतं. आणि भात झोडून झाला की ज्याने ज्याने माणसं धाडली त्याच्या घरी नव्या तांदळाचं एक मापटं मी पोचतं करते. सासूबाई करायच्या, मी करते.

सरांना माझ्या हातचं जेवण आवडायचं. एक दिवस म्हणाले, “रिसॉर्टसाठी राबायलोच आहे, तुमच्या घरालाही वर आणतो.” त्यांनी फुकटात घराचं पान केलं. जांभळीचा फोटो, ओटीचा फोटो, माझा चुलीपुढचा फोटो. त्यानंतर सुभेदार, प्राची, सुनीता ही सगळी मंडळी माझ्या घरचं कौतुक करत जगभर हिंडायला लागली. रोज जेवताना सर बातमी द्यायचे, “वर यायलंय, मावशी, वर यायलंय!”

आणि खरंच पाहुणे वाढले. मुंबईची माणसं गाडीतून उतरायची. मी विचारायची, “कुनी धाडलं?”

“इंटरनेटवर पाहिलं.”

“व्हय, पर कुनी?”

ती एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. सर मागच्या खोलीत हसू दाबायचे. मी त्यांना म्हणायची, “सर, सुनीतानं लई मानसं धाडली. तिचं मापटं कुटं पोचवू?” ते म्हणायचे, “माझ्याकडं द्या, मी पोचवतो.” मी म्हणायची, “छा! सुनीता दारात आली की तिच्या पदरात घालीन.” अशी आमची थट्टा चालायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी ओटीवर तांदूळ मोजत बसले होते. दुपारच्या यष्टीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. धोतर नाही, पण धोतराच्या चालीने चालणारे. खांद्याला कापडी पिशवी. साताऱ्याचे देशमाने, पोस्टातून निवृत्त झालेले. मी पाणी दिलं आणि सवयीने विचारलं, “कुनी धाडलं, काका?”

“सुनीताने,” ते म्हणाले.

मी मापटं खाली ठेवलं. रविवार होता. सर मागे कपडे वाळत घालत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण बादलीचा आवाज थांबला.

काका सांगायला लागले. बायको गेली, कुसुम तिचं नाव. घरात बोलायला कुणी नाही म्हणून मुलाने त्यांना संगणकावर लिहायला शिकवलं. ब्लॉग म्हणतात, आपलं मनातलं लिहून ठेवायचं, वाचणारे खाली आपलं मत लिहितात. काकांनी कुसुमताईंवर लिहिलं. त्यांची चाल, त्यांचं रागावणं, त्यांनी शेवटच्या वर्षी घातलेलं लिंबाचं लोणचं. “नातेवाइकांनी वाचलं असेल, पण लिहिलं कुणीच नाही,” काका म्हणाले. “फक्त या मुलीने. ‘काका, तुमचं वाचून माझी आई आठवली. ती गेल्यावर मी मुळशीला जांभळीच्या घरात राहिले, तिथल्या मावशींच्या हातचं जेवून पुन्हा रडता आलं.’ मी तिला उत्तरं लिहिली. ती काही बोलली नाही. म्हटलं, तुम्हाला पत्ता माहीत असेल.”

पिशवीतून त्यांनी एक बारकी बाटली काढली. तळाशी लोणच्याच्या काळपट झालेल्या फोडी. “कुसुमच्या हातचं एवढंच उरलंय. त्या पोरीला द्यावं असं मनात आलं. तिचीही आई गेलेली.”

मी मान वर केली नाही. समोर तांदळाचा ढीग होता, त्यात बोटं फिरवत राहिले. माझ्या घराचं नाव त्या बाईच्या मरणाखाली चिकटवलेलं होतं, आणि ज्या संध्याकाळी ते चिकटवलं, त्या संध्याकाळी मी भात वाढत हसले होते.

“जेवून घ्या आधी,” एवढंच म्हटलं.

दोन पाट मांडले. सर आले, काकांच्या शेजारी बसले. काकांनी बाटली दोघांच्या मध्ये ठेवली होती. सरांनी भात कालवला, घास केला, तो परत ताटात ठेवला. काका बिचारे विचारत होते, “तुम्ही इथेच राहता ना? तुम्ही पाहिलंय का तिला? कशी आहे?”

सर उठले. मला वाटलं, मागच्या दाराने जातात. गेलेही. हात धुतले आणि परत आले. पाटावर बसले नाहीत, जमिनीवर बसले, काकांच्या समोर.

“काका, सुनीता नाही. तो मी आहे. माझं ते काम आहे. तुमचं मी पुरतं वाचलंही नव्हतं.”

काकांना कळायला वेळ लागला. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमची आई...?”

“आहे. गावी आहे. चांगली आहे.”

“बरं आहे,” काका म्हणाले. “चांगलं आहे. असू दे.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांची मान छातीला टेकली होती. म्हणाले, “तुमच्या मुलाला सांगून ते काढून टाका, काका. मला तिथून काढता येत नाही.”

“काढलं तर खाली काहीच राहत नाही,” काका म्हणाले.

त्यांनी बाटलीचं झाकण नीट घट्ट केलं आणि ती पिशवीत ठेवली. रागाने नाही, विसरलेली वस्तू आठवणीने उचलावी तशी. ताटातलं सगळं संपवलं, मला “भात चांगला होता” म्हणाले, आणि यष्टी परत फिरायच्या आत फाट्यावर जाऊन उभे राहिले. मी पैसे घेतले नाहीत, आणि घेतले नाहीत याचीही लाज वाटली. जणू त्याने काही फिटणार होतं.

तासाभराने फोन वाजला. सरांच्या आईचा, दर रविवारचा. “देवाला द्या हो, जेवला का माझा देवा?” मी हाक मारली. सरांनी दारातूनच हात हलवला. “नाही म्हणा, मावशी. काय तोंडानं बोलू तिच्याशी?” मी खोटं सांगितलं, बाहेर गेलेत. असे बरेच रविवार गेले. त्या माउलीने मला एकदा विचारलं, “काय काम असतं हो त्याला एवढं?” मी म्हटलं, “लिवतात. लई लिवतात.”

त्यानंतर सर जेवताना कुणीच नसायचे. ‘आपलं काय जातंय’ हे पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. माझ्या घरासाठी जिथं जिथं धागे सोडले होते तिथल्या लोकांना पत्रं लिहायला बसले: कृपा करून हे काढा. थोड्यांनी काढलं, बहुतेकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. “खाली चाललंय, मावशी,” ते सांगायचे, पूर्वी ‘वर यायलंय’ सांगायचे त्याच सुरात. “जाऊ द्या,” मी म्हणायची. आणि एकदा म्हणाले, “काकांना माझ्या नावानं दोन ओळी लिहाव्यात म्हणून बसलो. इतकी माणसं झालो मी, पण देवीदासाला काही सुचेना.”

शिमग्याच्या आधी त्यांनी नोकरी सोडली. “गावाकडं जातो. आईकडं.” निघताना पाया पडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. दोघांनाही एकमेकांचा चेहरा बघितला की काकांचा तो पाट आठवायचा. पत्र नाही, फोन नाही. माझं घर त्या यादीत कुठं तळाला गेलं, कोण जाणे. चहावाले आणि ढाबेवाले होतेच.

दोनेक वर्षांनी, भात घरात आलेला असताना, एक जोडपं दारात उभं राहिलं. बोलणं मराठवाड्याचं, पायांवर लाल धूळ. मी पाणी दिलं. “कुनी धाडलं?”

नवरा बायकोकडे बघायला लागला. बायको म्हणाली, “आमच्या मुलाला शिकवतात ते. जाऊन राहा, जेवण एकदा खाऊन बघा म्हणाले. पण नाव सांगू नका म्हणायले होते. लाज वाटते म्हणाले.”

“मुलाला मराठी शिकवतात का?”

“हो. तुम्ही ओळखता?”

मी आत गेले. कणगीतले नवे तांदूळ काढले, मापटं शिगोशीग भरलं, फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं.

“सुनीताचं का?” असं विचारायला तिथं आता कुणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, “देवीदास सरांचं हाय. त्यांनाच द्या.”