कुंकवाखालचा नंबर

पुण्याजवळच्या सूसमध्ये रत्नाबाईंच्या चार खोल्या भाड्यानं दिलेल्या आणि चारही खोल्यांत वॉशिंग मशीन. भाडेकरू आयटीतले, दिवसभर कॉम्प्युटरशी झटणारे, पण मशीन अडलं की थेट खाली हाक, “काकू!” मग तव्यावरची भाकरी सोडून रत्नाबाई वर. मागच्या वर्षी त्या ताम्हिणीला बहिणीकडे गेल्या आणि अडलेल्या मशीनच्या अशाच एका फोनमुळे दुसऱ्या दिवशी परतल्या. यंदा बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. “आठवडाभर ऱ्हानार,” असं त्यांनी छातीठोक कळवलं होतं.

भाडेकरूंपैकी ऋतिकानं उपाय काढला. “सगळी मॅन्युअलं फोनमध्ये ठेवू. ज्याचं त्यानं बघावं.”

रत्नाबाईंच्या पेटीतल्या मॅन्युअलांचे फोटो निघाले. आता मशीनच्या दारामागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहून कुठलं कुठल्या मशीनचं ते जुळवायचं.

“काकू, नंबरावर हे काय?”

“हळदकुंकू. खंडेनवमीला लावते की.”

“बरोब्बर नंबरावरच?”

“मग? नाव लिवलंय तितंच कपाळ!”

ऋतिकानं ओल्या फडक्यानं पुसलं, तर कुंकवाबरोबर नंबरही गेला; बाकी तिन्हींवरही कुंकवाचं तसंच पूट. चारही मशीनं दिसायला सख्ख्या बहिणी. रत्नाबाईंना तर दुसऱ्या दिवशी पौडहून एसटी धरायची होती.

“कोणतं कधी घेतलं, आठवतंय?”

“न आठवायला काय झालं? ही माझ्या पोराच्या, अमोलच्या पहिल्या पगाराची. ही लेकीच्या, उषाच्या लग्नातली. ही रस्त्यात जमीन गेली तवाची. आन् ही माझी, गवार विकून घेतलेली.”

मॅन्युअलांना पावत्या टाचलेल्या होत्या. त्यांवरची वर्षं रत्नाबाईंच्या आठवणींशी जुळली तशी मॅन्युअलंही जुळली. ऋतिकानं फाइलींना तीच नावं दिली, मशीनांवर तशाच चिठ्ठ्या डकवल्या आणि फोल्डर सगळ्या भाडेकरूंना पाठवला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी ताम्हिणीत फोन वाजलाच. ‘पहिला पगार’वाल्या खोलीतला मनीष.

“काकू, मशीनचं दार उघडत नव्हतं.”

रत्नाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली.

“पण फाइल बघून उघडलं मी.”

“मग फोन कशापायी केलास रं?”

“कपडे वाळत घालायची दोरी कुठंय?”

“गच्चीवर, डोळ्याम्होरं! का तिचं बी पुस्तक पायजे?”

हसतच त्यांनी पिशवी पुन्हा खुंटीला लावली आणि बहिणीला म्हणाल्या, “च्या टाक गं. मी हाय अजून.”