नटीचा जबाब

साठ सालानंतरचं ते प्रकरण मी कधी विसरलो नाही. मी तेव्हा बालाघाटला ठाणेदार होतो. परसवाड्याच्या जंगलात शूटिंग करायला मुंबईची एक फिल्म कंपनी आली होती. तिची नायिका एवढी गाजलेली, की पानठेल्यांवरही तिचे फोटो असत. बाई उत्तरेकडच्या बड्या खानदानातल्या, असं मासिकांत छापून येई. राणीच्या भूमिका त्यांनाच मिळत.

एका सकाळी कंपनीचा मॅनेजर धावत ठाण्यात आला. बाई विश्रामगृहातून गायब होत्या. भाड्याची मोटार आणि तिचा इथलाच ड्रायव्हरही नव्हता. दुपारी मोटार परतली, पण बाईंशिवाय. मी अपहरणाचा गुन्हा नोंदवला आणि ड्रायव्हरला ताब्यात घेतलं.

"बाई कुठं आहेत?"

"सुखरूप हायेत, साहेब. पुढचं नोका विचारू. जबान देली हाय मी."

दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं. त्याची बायको ठाण्याच्या दारात येऊन रडू लागली, तरी गडी बोलेना.

खबर मिळाली ती किरनापूरच्या बाजारातून. तिथली बांगडीवाली आमच्या शिपायाला म्हणाली, "काळ्या चष्म्याची बाई आलती. मोठ्या घरची दिसे, पण बोले आपल्यावानी. 'काचेच्या भर वो, मायले आवडते,' म्हने." मोटार कोणत्या रस्त्याला लागली, तेही तिनं दाखवलं.

त्या रस्त्यावरच्या खेड्यात जीप नेली. सारवलेल्या ओसरीवर बाई एका आजारी म्हातारीला पेज भरवत बसल्या होत्या. मी कशासाठी आलो ते सांगितलं.

"मले कोन पळवीन, साहेब? हे माही माय हाय. इतक्या जवळ येऊन न पाह्यताच जाऊ?"

लहानपणी त्या एका नाटक कंपनीबरोबर गेल्या होत्या. पुढं सिनेमावाल्यांनी त्यांना नवं नाव दिलं, नवं घराणंही दिलं आणि माहेरचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. ड्रायव्हर कोठडीत आहे हे ऐकताच त्यांनी वाटी खाली ठेवली.

"काहून? त्यानं काय केलं?" म्हणत त्या जीपमध्ये येऊन बसल्या.

ठाण्याच्या व्हरांड्यात तोवर मोठी गर्दी जमली होती. मॅनेजर माझ्यासमोरच त्यांना विनवू लागला, "मॅडम, कह दीजिए ड्राइवर बहकाकर ले गया था. नहीं तो सब ख़त्म हो जाएगा."

मी जबाब लिहायला घेतला. नाव, बापाचं नाव, गाव. बाईंनी खिडकीला लागलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपलं जन्माचं नाव सांगितलं. "बाप शेतमजूर होता. गाव किरनापूरजवळचं. मीच ड्रायव्हरभाऊले म्हटलं, मले मायकडे ने अन् कोनाले सांगू नोको."

गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "अवो, हे त आपलीच पोरगी हाय!"

ड्रायव्हरला मी सोडून दिलं. बाईंनी त्याच्या बायकोपुढं हात जोडले.

राणीच्या भूमिका पुढं दुसरीला मिळाल्या. बाई वहिनीच्या, आईच्या कामांत दिसू लागल्या. पण माय होती तोवर त्या दर दिवाळीला उघडपणे गावी येत आणि मोटार थेट अंगणात उभी करत.

नोकरीत मी असंख्य जबाब लिहिले. बहुतेक माणसं स्वतःला वाचवायला बोलतात. या जबाबात नुकसान बाईंचंच होतं आणि त्यांना ते पुरतं ठाऊक होतं. त्यानंतर कोठडीतला माणूस तोंड उघडत नसला, की तो काय लपवतो आहे यापेक्षा कोणाला सांभाळतो आहे, हे मी आधी शोधू लागलो.