सालीचं तेल आणि पांढरी गॅस्केट

साहेबानं माझ्या हातातली बरणी घेतली आणि टेबलावर उपडी केली. संत्र्याच्या सालीचं तेल वाहत काठापर्यंत आलं, खाली टपकलं. मधोमध रबराचे दोन तुकडे.

"पूस," तो म्हणाला. "बाप चपला शिवायचा ना तुझा? तू मला रबर शिकवतेस?"

खोलीत सहा जण. दोघं हसले. बाकीच्यांनी फोनमध्ये मान घातली. मी खिशातल्या फडक्यानं टेबल पुसलं. हो, पुसलं. खोटं कशाला सांगू?

सौसरजवळच्या संत्र्याच्या कारखान्यात मी फिटर. पांढुर्ण्याला आयटीआय केलं, वर्गात एकटी मुलगी. साहेब मेंटेनन्सचा मुख्य. मोठ्या कॉलेजचा, त्याहून मोठ्या आडनावाचा. पाना कसा धरतात हे त्यानं लांबूनच पाहिलेलं.

गोष्ट साधी होती. सालीतून तेल निघतं, ते वाफेवर शुद्ध करतात. पाइपाच्या जोडावर दोन फ्लॅंजच्या, म्हणजे पाइपांच्या टोकाच्या लोखंडी कड्यांच्या, मधात रबराची चकती बसते, ती गॅस्केट. साहेबानं कॅटलॉग पाहून पांढरी, ईपीडीएम रबराची मागवली. वाफेला टिकते, खाण्याच्या मालाला चालते. दोन्ही खरं. पण या तेलात ती फुगते, मऊ पडते. तिथं व्हिटॉन नावाचं रबर पाहिजे होतं. आमच्याकडची शेंबडी पोरंही संत्र्याची साल पिळून फुगा फोडतात. पोरांना कळतं ते याला चार वर्षं शिकून कळलं नाही. मी दोन्हींचे तुकडे चार दिवस तेलात बुडवून ठेवले. पांढरा फुगून बोटानं दबायला लागला. व्हिटॉन जसाच्या तसा. तेच दाखवायला बरणी नेली होती.

पांढरीच बसली. मीच बसवली. हुकूम होता.

तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी जोडातून गॅस्केट बाहेर आली. गरम तेल, वाफ, सगळं शंकरभाऊंच्या उजव्या हातावर. लोधीखेड्याचे ऑपरेटर, पन्नाशीचे. ओरडले नाहीत. "बाई, व्हॉल बंद कर वो आधी," एवढंच म्हणाले. मी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. मागं वळले तेव्हा ते आपल्या हाताकडं पाहत होते, जसा दुसऱ्याचा हात असावा.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. पहिल्यांदा खुर्ची दिली. पहिल्यांदा "ताई" म्हणाला. चहा सांगितला. आणि कागद सरकवला. लिहिलं होतं, फिटरनं नट कमीजास्त आवळले म्हणून गळती झाली.

"सही कर. नोकरीचं मी पाहून घेईन."

मी त्याच्याकडं पाहिलं. कपाळावर घाम, ओठावर ताई. ह्याच माणसाला मी भीत होते? मला त्याची किळस आली. आणि माझी लाज वाटली, की हे कळायला शंकरभाऊंचा हात जावा लागला.

"साहेब, नट बरोबर होते. गॅस्केट चुकीची होती. म्या तुमाले सांगतलं होतं."

"पुरावा?"

"दवाखान्यात हाये. जाऊन पाहा."

ताई तिथंच संपली. "तुमच्या लोकांना काम दिलं की डोक्यावर बसता."

मी कागद उलटा केला. पाठीमागं घडलं तसं सगळं लिहिलं, त्याखाली सही केली, फोटो काढून कारखाना निरीक्षकाकडं पाठवला. चहा तसाच राहिला.

आता मी संत्री निवडायच्या पट्ट्यावर उभी असते. शंकरभाऊंची मूठ वळत नाही. लाइनीवर व्हिटॉन आलं, गुपचूप. अक्कल कोणाची, ते कुठंच लिहिलं नाही.

परवा ऑफिसातून निरोप आला. माफी माग, जुनी जागा देतो.

"कायची माफी?" मी विचारलं. निरोप आणणाऱ्याला तसंच परत पाठवलं.

निरीक्षकापुढं सुनावणीची तारीख लागली आहे. साहेब वकील आणून राहिला म्हणे. आणू दे. मी शंकरभाऊंना घेऊन जाणार. हुकूम कोणाचा होता, ते त्याच्या तोंडावर, त्याचं ते मोठं आडनाव घेऊन सांगणार.